पराभवनाम संवत्सर आणि गोठणगावचा पाडवा

आज चैत्र शुद्ध प्रतिपदा. शालिवाहन शकाचे १९४८ वे वर्ष आज सुरू होत आहे. घरोघरी गुढ्या उभारल्या जातील, कडुनिंबाची कोवळी पाने गुळाबरोबर वाटून घरातील लहानथोरांच्या हातावर पडतील आणि देवापुढे पंचांग ठेवून संवत्सरफल वाचले जाईल. मात्र यंदा ह्या वाचनात आरंभीच अनेकांचा स्वर अडखळणार आहे. कारण ह्या संवत्सराचे नाव आहे पराभव.

गेला महिनाभर आमच्याकडे ह्याच एका गोष्टीची विचारणा चालू आहे. एक गृहस्थ मुलीच्या लग्नाची पत्रिका छापावयास निघाले होते. ते वाटेत आमच्या ओसरीवर थांबले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "बुवा, पत्रिकेत संवत्सराचे नाव गाळले तर शास्त्राला चालेल का?" एका माउलीच्या सुनेचे दिवस भरत आले आहेत. बाळाच्या जन्मपत्रिकेवर पहिल्याच ओळीत 'पराभव' लिहावयाचे, ह्या कल्पनेने ती बिचारी रात्र रात्र झोपत नाही. अशा वेळी जे सांगावयाचे ते आम्ही सांगतोच. साठ संवत्सरांच्या चक्रातले हे चाळिसावे. ते कोणावर रुसून येत नाही, पाळीने येते. ह्यापूर्वी ते १९६६ साली आले होते. त्याही वर्षी लग्ने लागली, मुंजी झाल्या, पाळणे हलले. त्या वर्षी जन्मलेल्यांची आता षष्ट्यब्दिपूर्ती होईल आणि ती मंडळी नातवंडांच्या घोळक्यात सत्कार स्वीकारतील. एवढे ऐकून माणसे मान डोलावतात, पण त्यांच्या मनातली अढी जात नाही, हे आम्हाला दिसते.

खरे सांगावयाचे तर आमच्याही मनातली अढी ग्रंथांनी गेली नव्हती. ती गेली दोन वर्षांपूर्वी, आणि तीही एका परक्या पाडव्याला. आज सणाच्या दिवशी ती हकीकत वाचकांपुढे ठेवावी, असे आम्ही योजिले आहे.

२०२४ च्या माघ महिन्यात, गणेशजयंतीच्या सप्ताहासाठी, आमचे जाणे गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी-मोरगाव तालुक्यात झाले. झाडीपट्टीचा हा मुलूख म्हणजे तळ्यांचा आणि धानाचा. पिके निघून मोकळ्या पडलेल्या बांध्या, मधूनमधून पाण्याचा आरसा, पलीकडे दाट रान. सप्ताहाचे यजमान मोठे अगत्यशील. एका सकाळी स्नानसंध्या आटोपून आम्ही अंगणात बसलो असता ते म्हणाले, "महाराज, काल आमच्या तिबेटी लोकांचं नवं वर्ष लागलं. पहिला दिवस ते घरी आणि गोंप्यात घालवतात. आज आल्यागेल्याचा दिवस. येता का?"

'आमच्या तिबेटी लोकांचं' हे शब्द आमच्या कानात राहिले. महाराष्ट्रात तिबेटी लोकांची वसाहत आहे, हे आमच्यासारख्या पोथ्यांत बुडालेल्या माणसाला ठाऊकच नव्हते. गोठणगाव येथे इटियाडोह धरणाच्या परिसरात 'नोर्ग्येलिंग' नावाची ही वसाहत १९७२ पासून आहे. तेव्हा तो सारा भाग भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा पुढे १९९९ साली वेगळा झाला. म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ ही माणसे आपल्याच राज्यात, आपल्याच पावसापाण्यात राहिली आहेत.

आणि त्याहून लाजेची गोष्ट अशी की त्यांची आमची ओळख नव्हती असेही नाही. आमच्या क्षेत्रात दर दिवाळीच्या सुमारास तिबेटी स्वेटरवाले येतात, रस्त्याच्या कडेला दोऱ्या बांधून लोकरीचे कपडे मांडतात आणि थंडी सरली की निघून जातात. काकडआरतीला गळ्याभोवती गुंडाळावयाचा मफलर आम्ही तीस वर्षे त्यांच्याकडूनच घेत आलो आहो. (हा माल बहुतेक लुधियानाचा असतो, हेही आम्हाला गोठणगावीच कळले; आम्ही आपले हिमालयाची लोकर म्हणून मिरवीत होतो.) तीस वर्षांत आम्ही किमतीची घासाघीस केली. तुम्ही कुठून येता, तुमचा सण कोणता, ते एकदाही विचारले नाही.

वसाहतीत शिरताना एका उंच काठीवर फडफडणाऱ्या पताका प्रथम दिसल्या. निळ्या, पांढऱ्या, तांबड्या, हिरव्या आणि पिवळ्या. त्यांवर मंत्र छापलेले असतात. वर्षभराच्या उन्हापावसाने त्यांचा रंग उडाला होता. यजमानांनी आम्हाला एका वृद्ध गृहस्थांच्या घरी नेले. सारे गाव त्यांना 'पो-ला' म्हणत होते. 'पो' म्हणजे आजोबा आणि 'ला' हा आदराचा प्रत्यय, आपल्या 'जी' किंवा 'राव' सारखा. त्यांच्या भाषेत आईची 'आमा-ला' होते आणि वडिलांचे 'पा-ला'. ज्या भाषेत घरातल्या माणसालाही आदराच्या शेपटावाचून हाक मारीत नाहीत, त्या भाषेविषयी आमच्यासारख्या संस्कृताभिमान्यालाही आदर वाटला.

नव्या वर्षाला ते 'लोसार' म्हणतात; 'लो' म्हणजे वर्ष आणि 'सार' म्हणजे नवे. त्यांचे महिनेही चंद्राचे आणि अमावास्येनंतर सुरू होणारे, म्हणून त्यांच्या वर्षाचा पहिला दिवस हा शुद्ध प्रतिपदेच्या सुमारासच येतो. आमच्या 'पाडवा' शब्दाचे मूळही प्रतिपदाच. अधिक मास धरण्याची रीत निराळी असल्याने ही त्यांची प्रतिपदा कधी आमच्या माघात पडते, कधी फाल्गुनात. त्या वर्षी ती माघ शुद्ध प्रतिपदेस, १० फेब्रुवारीला, आली होती. आम्ही गेलो तो द्वितीयेचा दिवस.

दारातच घरच्या सुनेने एक रंगविलेली लाकडी पेटी पुढे केली. तिचे दोन कप्पे. एकात लोण्याने मळलेले सातूचे पीठ, दुसऱ्यात भाजलेले धान्य, आणि वर रंगीत लोण्याची नक्षी केलेल्या फळ्या खोचलेल्या. ह्या पेटीला 'चेमार' म्हणतात. चिमूटभर पीठ घ्यावयाचे, तीनदा आकाशाकडे उडवावयाचे, उरलेले जिभेवर ठेवावयाचे आणि 'ताशी देलेक' म्हणावयाचे. 'ताशी' म्हणजे मंगल. आम्ही तसे केले. हाताला अक्षतांची सवय असल्यामुळे की काय, पीठ नेमके आमच्या टोपीवर आले आणि घरातली पोरे खदखदून हसली.

आतला देव्हारा पाहून आमच्या घरातील स्त्रियांना मोठे कौतुक वाटले असते. पाण्याने भरलेल्या सात वाट्या, लोण्याचा दिवा, तळलेल्या खाप्सेंची उतरंड आणि एका वाडग्यात बोटभर वाढलेले कोवळे हिरवे अंकुर. नवरात्रात घटाभोवती उगवतात तसेच; मात्र ते नव्या वर्षाच्या पिकासाठी आधीपासून पेरून ठेवतात. लोसारच्या पहाटे घरातील बाई सर्वांआधी उठून वर्षाचे पहिले पाणी भरून आणते, असेही सुनेने सांगितले.

भोजनाचा प्रश्न आमच्यापुढे होता, आणि तो आम्ही वाचकांपासून लपवीत नाही. आमचे नियम ठाऊक असल्याने त्या घराने आमच्यासाठी काय करावे? सुनेने स्वयंपाकघरातून येऊन एकेक पदार्थ स्वतः सांगितला: ह्यात मांस नाही, ह्यात अंडे नाही, हे निव्वळ पीठ, तूप आणि साखर. खाप्से म्हणजे आपल्या शंकरपाळ्यांची आणि चिरोट्यांची दूरची बहीण. शिवाय लोणी, साखर आणि सुकामेवा घातलेला गोड भात होता. मीठ आणि लोणी घातलेला चहा मात्र आम्हाला जड गेला. तो चहा समजून प्यायला तर फसतो. सार समजून प्यायला तर गोड लागतो, असा आमचा अनुभव आहे. अतिथीचे नियम न दुखावता त्याला पोटभर वाढणे ही कला आपल्याकडेच आहे, अशी आमची समजूत होती. ती त्या दिवशी गेली.

जुन्या वर्षाच्या एकोणतिसाव्या रात्रीची एक गंमत पोरांनी सांगितली. त्या रात्री 'गुथुक' नावाचे, नऊ जिन्नस घातलेले दाट कढण असते आणि प्रत्येकाच्या वाडग्यात कणकेचा एक मोठा गोळा येतो. गोळ्याच्या पोटात काही दडविलेले असते. लोकर निघाली तर तो माणूस मऊ मनाचा, कोळसा निघाला तर काळ्या मनाचा, आणि मिरची निघाली तर बडबड्या. आम्ही त्या रात्री तिथे नव्हतो हे बरेच झाले. चाळीस वर्षे कीर्तन करणाऱ्याच्या गोळ्यात काय निघाले असते, ते सांगावयास नको.

मिरचीचा प्रत्यय मात्र लगेच आला.

त्या खोलीत आमच्याखेरीज आणखी एक पाहुणे होते. शेजारच्या गावचे एक निवृत्त शिक्षक, सपत्नीक आलेले. ते महाराष्ट्रातले बौद्ध; पो-लांच्या घरी दर लोसारला येणारे. बोलणे रंगात आले, खाप्से पोटात गेले होते, आणि आम्ही मोठ्या प्रेमाने म्हणून गेलो, "आम्हाला इथे परके वाटतच नाही. भगवान बुद्ध तर आमचेच. विष्णूचा नववा अवतार!"

कोणी काही बोलले नाही. पो-ला हसतमुखाने चहा ओतीत राहिले. गुरुजींनी वाटी खाली ठेवली आणि अगदी शांतपणे म्हटले, "महाराज, आपण ह्यांच्या घरी आलो आहोत. बुद्ध कोण, ते आज ह्यांनाच सांगू दे."

आमच्या तोंडावर कोणी इतक्या सभ्यपणे चूक ठेवल्याचे आम्हाला आठवत नाही. रागावण्यास जागाच नव्हती. गुरुजींच्या समाजाने १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, विजयादशमीला, नागपुरास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बरोबर धम्मदीक्षा घेतली. त्या वेळच्या बावीस प्रतिज्ञांत बुद्धाला विष्णूचा अवतार मानणार नाही, अशी एक स्पष्ट प्रतिज्ञा आहे. ती का घ्यावी लागली, हे विचारण्याचा अधिकार आम्हाला तेव्हा येतो, जेव्हा आमची पुराणे आम्ही स्वतः नीट वाचलेली असतात. आम्ही ती वाचली आहेत. विष्णुपुराणात मायामोहाची कथा आहे. भागवताच्या पहिल्या स्कंधात बुद्धावताराचा उल्लेख आहे. दोन्हीकडे प्रयोजन एकच सांगितले आहे: असुरांना मोह पाडणे. जयदेवाने गीतगोविंदात बुद्धाच्या ठायी प्राण्यांविषयीची करुणा पाहिली आणि आमच्या महाराष्ट्राने दशावतारांच्या जुन्या चित्रांत नवव्या ठिकाणी प्रत्यक्ष विठ्ठल उभा केला. ही आमची गोड बाजू. पण 'तुमचा गुरू आमच्याकडे मोह पाडण्यासाठी जन्मला' असे ज्याच्या मुळाशी आहे, ते वाक्य आम्ही त्या गुरूच्या देव्हाऱ्यासमोर, त्याच्या भक्तांचे अन्न खात, प्रेमाची भेट म्हणून ठेवीत होतो. कोणी आमच्या दारी येऊन पंढरीच्या रायाविषयी असे काही बोलला असता, तर आम्ही त्याला चहा ओतीत राहिलो असतो काय?

हे सारे त्या क्षणी सुचले नाही. त्या क्षणी आम्ही नुसते खाली पाहत होतो. पो-लांनीच आमची सुटका केली. त्यांची भाषा हिंदीमिश्रित मराठी. तीत झाडीपट्टीचा हेल. ते म्हणाले, "गुरुजी, तुम्ही पंचांग जाणता. तुमच्या वर्षाला नाव असते ना? आमच्याही असते. काल गेले ते 'शोभा करणारे'. आता लागले ते 'रागावलेले'."

आम्ही चमकून वर पाहिले. आमचे त्या दिवशी चालू असलेले संवत्सर होते शोभकृत्. चैत्रात लागणार होते ते क्रोधी.

"आणि पुढच्या वर्षीचे?" आम्ही विचारले. त्यांनी देव्हाऱ्याशेजारून एक लांबट पंचांग काढले. तिबेटी वैद्यक आणि ज्योतिष ह्यांची मेन-त्सी-खांग ही संस्था धर्मशाळेस आहे. तिथल्या पंडितांकडून ही पंचांगे येतात. बोट फिरवीत ते म्हणाले, "पुढचे, सगळ्या तऱ्हेचे धन." विश्व आणि वसु. विश्वावसु! मग आम्ही दोघांनीही पंचांग बाजूला ठेवले. आम्ही प्रभवापासून एकेक नाव म्हणावे आणि त्यांनी त्याला आपल्या भाषेतले नाव जोडावे, असा खेळ सुरू झाला. प्रभवाला ते 'रबजुंग' म्हणतात, म्हणजे प्रकर्षाने झालेले, विभव म्हणजे विशेष झालेले, शुक्लाला पांढरे, अंगिरसाला मात्र भाषांतर न करता अंगिराच ठेवले आहे. पोरे आमच्या दोघांच्या तोंडाकडे टकमका पाहत होती. गुरुजी बोटांवर मोजीत होते. चाळीस नावांपर्यंत आम्ही कुठेही चुकलो नाही.

ह्यामागचा इतिहास असा. कालचक्र तंत्र हा संस्कृत ग्रंथ भारतातून तिबेटात गेला आणि त्याबरोबर साठ संवत्सरांची नावेही गेली. तिबेटी लोक आपले पहिले साठ वर्षांचे चक्र १०२७ सालापासून, म्हणजे आपल्या शके ९४९ पासून मोजतात. सतरावे चक्र १९८७ साली सुरू झाले. आमच्याकडेही तेच प्रभवनाम संवत्सर होते. उत्तर भारतात गुरूच्या राशिभोगाप्रमाणे, सुमारे ३६१ दिवसांच्या मानाने, संवत्सर मोजण्याची रीत असल्यामुळे अधूनमधून एक नाव गळते आणि तिकडचे नाव आमच्याशी जुळत नाही. आम्ही दक्षिणेकडचे लोक वर्षाला एक नाव धरून चालतो. तिबेटातही तसेच चालतात. म्हणजे काशीच्या पंचांगात आणि आमच्या पंचांगात आज जे नाव जुळत नाही, ते ल्हासाच्या पंचांगात जुळते. हे आम्ही प्रथम ऐकले असते तर गप्प म्हटले असते. पण कानांनी चाळीस नावे ऐकल्यावर काय म्हणणार?

अवताराची गोष्ट आमची चुकली होती, ती इथे सुधारली. जे आपलेच आहे असे म्हणावयाची आम्हाला घाई झाली होती, ते ह्यांनी हजार वर्षे सांभाळले होते. अश्वघोषाच्या बुद्धचरिताचे अठ्ठावीस सर्ग. त्याचा संस्कृत पाठ चौदाव्या सर्गात तुटतो. उरलेली अर्धी कथा आज वाचावयाची तर तिबेटी किंवा चिनी भाषांतराचाच आधार. मेघदूत, दंडीचा काव्यादर्श, अमरकोश ह्यांची तिबेटी भाषांतरे त्यांच्या 'तेंग्युर' ह्या ग्रंथसंग्रहात आहेत. राहुल सांकृत्यायन १९२९ ते १९३८ ह्या काळात चार वेळा तिबेटात गेले आणि आपल्याकडे नष्ट झालेल्या संस्कृत पोथ्या शोधून त्यांच्या नकला व छायाचित्रे घेऊन परतले. आमच्या घरातून गेलेली ठेव ज्याने जपली, त्याला 'ठेव आमची होती' एवढेच सांगून उठणे शिष्टाचाराचे नाही.

आता चाळिसावे नाव. आम्ही 'पराभव' म्हटले आणि क्षणभर थांबलो. समोर बसलेल्या माणसाच्या घरात ते नाव उच्चारण्याचा आम्हाला संकोच वाटला. पो-ला सहज म्हणाले, "झिल-नोन." अर्थ विचारला, तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी दिवा झाकल्यासारखे करून दाखविले. आपल्या तेजाने दुसऱ्याला दिपवून टाकणारे, दाबून टाकणारे. जुन्या तिबेटी भाषांतरकारांनी हे नाव हरणाऱ्याच्या बाजूने घेतलेच नाही. जिंकणाऱ्याच्या बाजूने घेतले. व्याकरणाने पाहू गेल्यास त्यात काही चूक नाही. पराभव म्हटला की दोन पक्ष आले. कोणी कोणाचा केला, ते नावात सांगितलेले नाही. आम्हीच ते प्रत्येक वेळी आपल्या अंगावर ओढून घेतो.

हे भाषांतर एखाद्या विजयी राजाच्या घरी ऐकले असते तर आम्ही त्याला शब्दांची कसरत म्हणालो असतो. पण ते कोणाच्या तोंडून आले? १९५९ च्या मार्चमध्ये ल्हासात उठाव झाला आणि मोडला गेला. त्याच महिन्याच्या अखेरीस दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्यामागून हजारो माणसे हिमालय उतरून आली. तेव्हा पो-ला पाच वर्षांचे, आईच्या पाठीवर. त्यांच्या गणतीने तेव्हा नुकतेच विकारी संवत्सर लागले होते, बदल घडविणारे. पुढे पहाडी मुलखात रस्त्यांची कामे निघाली, त्यांवर अनेक निर्वासित कुटुंबे राबली. पो-लांची आई खडी फोडी आणि हे मुलगेपणी पाट्या वाहात.

"मागचे झिल-नोन तेव्हाच आले," ते म्हणाले. १९६६. "फार थंडी होती. तंबूत बर्फ यायचे. आई म्हणाली, ह्या वर्षाचे नाव चांगले आहे. ह्या वर्षी थंडी हरणार." ते थांबले, खिडकीबाहेरच्या पांढऱ्या उन्हाकडे त्यांनी पाहिले आणि म्हणाले, "मग काही वर्षांनी आम्हाला इकडे पाठवले. भंडारा जिल्हा. मे महिना. थंडी एकदम हरली, गुरुजी!"

खोलीत जे हसणे उसळले त्यात आम्हीही होतो, आणि गुरुजींच्या पत्नी डोळे पुसत होत्या. हसून की कशाने, ते आम्ही पाहिले नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे आम्ही पुन्हा गेलो. त्या दिवशी सुगंधी पाल्याची धुनी पेटवितात, सातूचे पीठ मुठीत धरून सारे उभे राहतात आणि 'ल्हा ग्यालो', देवांचा जय होवो, अशी आरोळी देऊन एकदम आकाशात उडवितात. जुन्या विटलेल्या पताका उतरल्या आणि नव्या पाच रंगांच्या चढल्या. उंच काठी, वर नवे वस्त्र, खाली हात जोडून उभी असलेली माणसे. 'ही तर आमची गुढी' हे शब्द आमच्या ओठांपर्यंत आले होते. आम्ही ते गिळले आणि शेजारी उभ्या असलेल्या गुरुजींना विचारले, "ह्या पताकांचा अर्थ हे काय सांगतात?" ते म्हणाले, "वारा मंत्रावरून जातो आणि जिथे जिथे पोचतो तिथल्या सगळ्यांचे भले होते, असे म्हणतात. सगळ्यांचे. आपल्या-तुपल्याचे वेगळे नाही."

त्या रात्रीच्या कीर्तनात आम्ही ठरविलेले आख्यान बाजूला ठेवले आणि बुद्धचरितातली सिद्धार्थाच्या गृहत्यागाची कथा लावली. अवताराचा शब्द काढला नाही. मागच्या बाजूस, मांडवाच्या खांबापाशी, गुरुजी आणि पो-ला बसलेले दिसत होते. गुरुजींना मंदिराच्या मांडवात बसलेले त्या गावाने त्यापूर्वी पाहिले नव्हते, असे यजमान नंतर म्हणाले. त्याचे श्रेय आमच्या कीर्तनाला नाही. पो-लांनी त्यांचा हात धरून आणले होते. आणि पुन्हा ते येतील की नाही, हे त्यांचे त्यांनी ठरवावयाचे आहे.

तर ज्या गृहस्थांनी पत्रिकेतले नाव गाळण्याविषयी विचारले, त्यांना आम्ही ही हकीकत सांगितली. 'पराभवनाम संवत्सरे' असे ठळक छापावे, असा सल्ला दिला. सुनेच्या काळजीने झोप न येणाऱ्या माउलीलाही सांगितली. तिने सर्व ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "त्या बाईचा तो मुलगा सुखात आहे ना आता?" आम्ही म्हटले, नातवंडे आहेत. ती म्हणाली, "मग असू दे." यंदा ज्येष्ठ अधिक आहे, त्याची व्रते, दाने ह्यांविषयीही लोक विचारीत आहेत, ते पुन्हा केव्हातरी.

ह्या हिवाळ्यात स्वेटरवाली बाई दुकान आवरू लागली, तेव्हा आम्ही मफलर घेतला नाही. जुना चांगला आहे. तिला 'आमा-ला' अशी हाक मारली आणि लोसार कधी, ते विचारले. तिच्या हातातली दोरी तशीच राहिली. ती कर्नाटकातल्या वसाहतीतली निघाली. "अठरा फेब्रुवारी," ती म्हणाली, आणि आमच्याकडे जरा संशयाने पाहून हसली.

अठरा फेब्रुवारीला, फाल्गुन शुद्ध प्रतिपदेस, आम्ही सकाळी गोठणगावी फोन लावला. पलीकडे पोरांचा गलका चालला होता. आम्ही 'ताशी देलेक' म्हटले. पो-लांनी आवाज ओळखला.

"लागले, गुरुजी, झिल-नोन लागले," ते म्हणाले. "तुमचे अजून महिन्याने. तिकडे थंडी कशी आहे?"